मनातलं जसंच्या तसं

रविवार, रात्री उशिरा

'मॅन सीकिंग वुमन'चे शेवटचे भाग आज सलग बघितले. अमेरिकेत एफएक्सएक्स वाहिनीवर जानेवारी २०१५ ते मार्च २०१७ या काळात ही मालिका लागायची. तीन सीझन, एकूण ३० भाग. लेखक सायमन रिचने स्वतःच्याच कथांवरून ती तयार केली. गोष्ट शिकागोची, चित्रीकरण मात्र कॅनडात, टोरांटोला झालेलं. जॉश ग्रीनबर्ग हा शिकागोतला साधासुधा मुलगा. नोकरी तात्पुरती, प्रेयसी नुकतीच सोडून गेलेली. आई, सावत्र वडील, वकिली करणारी मोठी बहीण लिझ आणि माइक नावाचा जिवलग मित्र, एवढाच गोतावळा. पण इथे माणसाच्या मनात जे चाललेलं असतं ते पडद्यावर खरोखर घडतं, आणि आजूबाजूच्या कुणाला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

पहिल्याच भागात लिझ भावासाठी एक मुलगी बघते. जॉश भेटायला जातो तर समोर खरीखुरी ट्रोल, परीकथेतली कुरूप राक्षसी असते तशी. तो दचकतो, आणि सगळे त्यालाच 'रूपावर जातोस' म्हणून सुनावतात. मग जुन्या प्रेयसीकडे पार्टी असते. तिचा नवा मित्र कोण, तर अ‍ॅडॉल्फ हिटलर! बिल हेडरने काम केलंय. पाहुणे त्याच्याशी मजेत गप्पा मारताहेत, आणि हा माणूस कोण आहे हे एकटा जॉश जीव तोडून सांगतोय. लोकांचं म्हणणं एकच, तुला तिचं सुख बघवत नाही. मी हसले, आणि हसता हसता गळा दाटून आला. आपल्याला सोडून गेलेल्या माणसाशेजारी जो कुणी उभा असेल तो आपल्याला जगातला सगळ्यात वाईट माणूस वाटतो, आणि ते कुणाला पटवून देता येत नाही. ही अतिशयोक्ती नाहीच. दुःखाचा आकार आतून एवढाच असतो.

मला सगळ्यात आवडलेला भाग दुसरा. जॉशला रेल्वेत लॉरा भेटते, ती नंबर देते. आता पहिला मेसेज काय करायचा? त्यासाठी थेट युद्धकक्ष उघडतो. लष्करी अधिकारी टेबलाभोवती जमतात आणि एकेका शब्दावर गंभीर चर्चा होते. एवढं करून पाठवलेल्या मेसेजमध्ये 'ट्रेन'चं 'ट्रेब' होतं.

हे बघताना धाकटा डोळ्यांसमोर आला. गेल्या महिन्यात एका स्थळाचं जमण्यासारखं दिसत होतं. मुलीचा नंबर आला. जेवण झाल्यावर पठ्ठ्या गॅलरीत जाऊन बसला. 'हाय' लिहिलं, खोडलं. 'नमस्कार' लिहिलं, ते फार म्हातारं वाटलं म्हणून तेही खोडलं. मग आत येऊन म्हणाला, "ताई, पुढे स्मायली टाकू का गं?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, सरळ फोन कर की!" त्याने आईकडे असं काही बघितलं की ती गप्पच झाली. त्या रात्री आमच्या बैठकीच्या खोलीत चार सेनापती बसले असते तरी मला नवल वाटलं नसतं. पोरगा खरंच घाबरला होता. एका ओळीवर आपलं पुढचं आयुष्य अडलंय असं वाटणं यात हसण्यासारखं काही नाही, आणि मालिकासुद्धा जॉशच्या भीतीला कधी हसत नाही. म्हणून ती मला इतकी जवळची वाटते.

सुरुवातीला मात्र एक गोष्ट खटकत होती. सगळं जॉशच्याच नजरेतून दिसायचं, बायका फक्त त्याला भेटायला नाहीतर नाकारायला यायच्या. ते पुढे सुधारत गेलं. अधूनमधून अख्खा भाग लिझला मिळतो. दुसऱ्या सीझनमध्ये ती चक्क सांताक्लॉजच्या प्रेमात पडते. सांता विवाहित! जगाचा लाडका, सगळ्यांना भेटी वाटणारा माणूस, आणि हिच्या वाट्याला चोरून काढलेला वेळ. लिझ वकील आहे, हुशार आहे, घरात सगळ्यांना सल्ले देणारी आहे. अशा बाईला स्वतःचं एकटेपण कुठे बोलून दाखवायची सोय नसते. थोरल्या बहिणींना हे वेगळं सांगायला नको. ब्रिट लोअरने ते फार समजून केलंय. आता लोक तिला 'सेव्हरन्स' या मालिकेतली हेली म्हणून ओळखतात, त्या भूमिकेसाठी २०२५ साली तिला एमी पुरस्कारही मिळाला. तिथेही विचित्र जग आणि ऑफिस आहेच. पण माझ्यासाठी ती आधी लिझ आहे.

तिसऱ्या सीझनमध्ये जॉशला लूसी भेटते आणि मालिका बदलते. शोध संपतो, संसाराची बोलणी सुरू होतात. दोघांनी एका घरात राहायचं, एकमेकांच्या आईवडिलांना सांभाळून घ्यायचं, शेवटी लग्न. लूसीच्या नजरेतून सांगितलेलेही भाग आहेत. काही जणांना हा सीझन आधीच्यापेक्षा सौम्य वाटेल. मला तो जास्त धीट वाटला. नकाराचं दुःख रंगवणं त्या मानाने सोपं. रोज एकाच माणसाबरोबर राहताना वाटणारी बारीकसारीक धास्ती रंगवायला जास्त कसब लागतं.

लग्नावर मालिका थांबते. मला अजून एक सीझन हवा होता, आणि तो पूर्ण लिझचा. तिचं ऑफिस, तिची आई, रात्री घरी आल्यावरची तिची रिकामी खोली. त्या खोलीत त्यांनी काय उभं केलं असतं?