आमची वाटचाल : आमचा डायल्युटर आणि दुसऱ्या तासाची तपासणी

वळूच्या वीर्यासाठी डायल्युटर, म्हणजे गोठवण्याआधी वीर्यात मिसळायचं द्रावण, बनवणारी आमची फर्म छोटी. ट्रिस, सायट्रिक आम्ल, फ्रुक्टोज, ग्लिसरॉल. बलक लॅबवाले ताज्या अंड्याचा घालतात. वजनकाट्याच्या आणि पाण्याच्या बाबतीत आम्ही कधी तडजोड केली नाही. सुरुवातीची वर्षं बरी गेली.

मग एका मोठ्या संस्थेनं आमचा माल आणि दुसऱ्या फर्मचा माल शेजारी शेजारी ठेवून पाहिला. कांड्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या, 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरल्या, थेंब मायक्रोस्कोपच्या गरम स्टेजवर घेतले. त्या फर्मच्या थेंबातले शुक्राणू उसळत होते, आमच्या थेंबातले सरळ पुढे चालले होते. ‘तुमच्या मालात दम नाही,’ असं तिथल्या एका साहेबांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं. ऑर्डर गेली. ऐकीव बातमीवर बाकीच्यांनीही हात आखडला. पगार थकले, शिकवून तयार केलेली पोरं सोडून गेली. त्याचा राग आजही आहे.

त्या उसळीकडे नीट पाहा, असं मी सांगत होतो. डोकं डावी-उजवीकडे झोके खात होतं, कित्येक गोल गोल फिरत होते. शुक्राणूच्या आत कॅल्शियम बाहेरच्या मानानं फारच कमी असतं. पडद्यातले पंप ते सतत बाहेर काढतात. 4 अंशांपर्यंत थंड करताना आणि पुढे गोठवताना पडद्याला इजा होते, पंप मंदावतात, कॅल्शियम आत शिरतं. शेपटी फटकारू लागते, ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांवर ताण येतो आणि फलनाची जी तयारी गायीच्या शरीरात व्हायची ती आधीच होऊन जाते. असा शुक्राणू लवकर मरतो. आणि गायीचं बीज तर माज संपल्यावर 10 ते 12 तासांनी सुटतं! तोपर्यंत टिकणार कोण? आमच्यातलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं, बलकातली लायपोप्रथिनं पडदा सांभाळतात. सगळंच बांधूनही चालत नाही, कारण हालचालीला आणि फलनालाही थोडं कॅल्शियम लागतं. हा तोल साधायला आम्ही उमेदीची वर्षं घातली.

आमच्यामागे उभे राहिले ते एका छोट्या वीर्यकेंद्राचे डॉक्टर. त्यांच्याकडे जुना फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप. त्याचा फोकसचा स्क्रू ढिला, पण स्टेजचा हीटर पक्का. एकाच वळूचं वीर्य दोन्ही डायल्युटरमध्ये गोठवून त्यांनी कांड्या वितळवल्या, नळ्या 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवल्या आणि थेंब परत परत पाहिले. दुसऱ्या तासाला त्या फर्मच्या थेंबात जेमतेम वळवळ होती. आमचे अजून सरळ पोहत होते. उधारीवर नव्हे, रोख पैसे मोजून त्यांनी माल घेतला. फर्म जगली ती त्या पैशावर.

रेतन करणाऱ्या पोरांनाही सांगतो: कांडी शर्टाच्या खिशात वितळवू नका, थर्मामीटर ठेवा. गॉब्लेट, म्हणजे कांड्या ठेवायचा पेला, द्रव नायट्रोजनच्या कंटेनरच्या गळ्याच्या वर काढू नका. वितळलेली कांडी कोरडी पुसूनच कापा. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की दोष वळूला देतात, पण निम्म्या वेळा तो हाताळणीचा असतो, असं माझं ठाम मत आहे.

वितळल्यावर किमान 50 टक्के शुक्राणूंची हालचाल हवी, हा नियम योग्यच आहे. पण त्या संस्थेच्या नव्या निविदेतही तपासणी पहिल्याच थेंबाची आहे. दोन तासांनंतरची हालचाल मोजायची अट घाला, असं लेखी पत्र मी दिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा देणार आहे.