अडचण आली की पहिलं दार कोणाचं?

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार

आज कॅनडात थँक्सगिव्हिंग, म्हणजे आभार मानायचा सण. अमेरिकेत हाच सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो आणि तिकडे त्याचा थाट वेगळाच. विमानतळ ओसंडतात, लोक हजारो मैल कापून आईवडिलांकडे जातात, दुसऱ्या दिवशी दुकानांत रेटारेटी होते. कॅनडात टर्की असते, भोपळ्याचा ‘पाय’ हा गोड पदार्थ असतो आणि मंगळवारी सकाळी सगळे कामावर हजर असतात. अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत तर ही सक्तीची पगारी सुट्टीसुद्धा नाही.

असे फरक मोजत बसलं तर यादी लांबत जाते आणि हाती काही लागत नाही. कॅनडियन मवाळ, अमेरिकन मोकळेढाकळे, हेही ऐकून ऐकून गुळगुळीत झालंय. मला वाटतं, आजारपण, बाळंतपण, म्हातारे आईवडील अशा प्रसंगी माणूस पहिल्यांदा कोणाचं दार ठोठावतो, तिथे हे दोन समाज खरे वेगळे होतात. अमेरिकन माणूस आधी स्वतःच्या हिकमतीवर आणि कंपनीवर भिस्त ठेवतो. कॅनडियन माणूस प्रांताच्या सरकारकडे बघतो. याची मुळं जुनी आहेत. १७७६च्या अमेरिकी जाहीरनाम्यात जीवन, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध आहे. कॅनडाच्या १८६७च्या घटनात्मक कायद्यात शांतता, सुव्यवस्था आणि सुशासन आहे. अमेरिकी क्रांतीनंतर राजाशी निष्ठा राखणारे हजारो लोक उत्तरेला नोव्हा स्कोशिया आणि क्वेबेककडे येऊन वसले. सरकारपासून जपून राहावं ही शेजाऱ्यांची भावना त्यांच्यात रुजली नाही.

अर्थात कॅनडातही हे आपोआप घडलेलं नाही. सॅस्कॅचेवान प्रांताचे मुख्यमंत्री असताना टॉमी डग्लस यांनी आखलेली सरकारी वैद्यकीय विम्याची योजना १९६२ साली तिथे सुरू झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. पुढे १९८४च्या कॅनडा हेल्थ ॲक्टने विम्यात बसणाऱ्या उपचारांसाठी रुग्णाकडून वर पैसे घेऊ देणाऱ्या प्रांतांचं केंद्रीय अनुदान कापायची तरतूद केली.

न्यू जर्सीहून ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागाला येणाऱ्या मराठी कुटुंबांचा घोटाळा नेमका इथे होतो. ‘कॅनडात सगळं फुकट’ हे डोक्यात घेऊन ती येतात. डॉक्टर आणि हॉस्पिटल प्रांताच्या कार्डावर होतं, हे खरं. पण मोठ्या माणसांची नेहमीची औषधं, दात, चष्मा यांचा बराचसा भार कंपनीच्या जादा विम्यावर किंवा खिशावर पडतो. रुग्णवाहिकेचंही बिल येतं: ओंटारिओत कार्ड असेल आणि डॉक्टरने ती गरजेची ठरवली तर ४५ डॉलर, नाहीतर २४०. आणि स्पेशालिस्टकडे परस्पर जाता येत नाही, फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते. म्हणून घर लावून होण्याआधी हेल्थ कार्डाचा अर्ज करावा आणि फॅमिली डॉक्टरसाठी नाव नोंदवावं. तो मिळेपर्यंत वॉक-इन, म्हणजे आधी वेळ न घेता जायच्या, क्लिनिकवर काढावं लागतं आणि तिथे दर खेपेला सगळा इतिहास नव्याने सांगावा लागतो. गुडघा किंवा मोतीबिंदू असेल तर महिनोन्महिने थांबण्याची तयारी हवी.

अमेरिकेत उलट. चांगला विमा असेल तर स्पेशालिस्ट लवकर भेटतो, पण हिशेब आपण ठेवायचा: डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम) किती भरून झालं, डॉक्टर नेटवर्कमधला, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेला आहे का, वर्षात आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल. पूर्वी हॉस्पिटल नेटवर्कमधलं आणि भूल देणारा बाहेरचा, असं होऊन घरी भलतंच बिल यायचं. जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या कायद्याने ते बरंच थांबलं, पण रस्त्याने धावणाऱ्या रुग्णवाहिकेला तो अजून लागू नाही. नोकरी गेली की विमाही डळमळतो. ‘कोब्रा’ नावाच्या केंद्रीय कायद्याखाली तो साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के. नोकरी गेलेल्या माणसाला हे सांगणं मला क्रूर वाटतं. या एका बाबतीत माझं मन कॅनडाकडे झुकतं, रांगा धरूनसुद्धा.

बाळंतपणाचं तेच. अमेरिकेत १९९३च्या केंद्रीय कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही कंपनी ५० माणसांची आणि नोकरी वर्षभराची असेल तर. काही राज्यं आपल्यापुरती भर घालतात. कॅनडात रोजगार विम्यातून आईला १५ आठवडे आणि त्यापुढे एका पालकाला ३५ आठवडे मिळतात, पगाराच्या ५५ टक्के, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. त्यासाठी आधीच्या वर्षभरात ६०० तासांचं विमापात्र काम लागतं. नव्याने आलेली जोडपी हे तास मोजायला विसरतात. क्वेबेकची योजना मात्र वेगळी.

भारतातून आईवडील यायचे तर अमेरिकेत त्यांना एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. कॅनडाच्या सुपर व्हिसावर सलग पाच वर्षं. मुलाचं किंवा मुलीचं उत्पन्न ठरलेल्या पातळीच्या वर हवं, आईवडिलांची वैद्यकीय तपासणी हवी आणि निदान एक वर्षाचा, किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा हवा. इथे प्रांताचं दार बंदच असतं. म्हाताऱ्यांच्या जुन्या आजारांबद्दल विम्याच्या कागदात काय लिहिलंय, ते हप्ता भरण्याआधी ओळन्‌ओळ वाचावं.

सगळीकडे कॅनडाच सांभाळून घेतो असंही नाही. घराच्या कर्जात चित्र फिरतं. अमेरिकेत ३० वर्षांचा एकच पक्का व्याजदर मिळतो. दर वाढले तरी आपला हप्ता हलत नाही, उतरले तर कर्ज नव्याने घेता येतं. कॅनडात फेड २५ वर्षांची धरली तरी करार बहुधा पाच वर्षांचा असतो. मुदत संपली की त्या दिवशीच्या दराने पुन्हा सही. २०२०-२१ मध्ये स्वस्तात घेतलेली कर्जं नूतनीकरणाला आली तेव्हा अनेक घरांचा हप्ता एकदम चढला. मुदतीच्या आत करार मोडला तर दंड, आणि पक्क्या दराच्या करारात तो हजारो डॉलर होऊ शकतो. राहत्या घराच्या कर्जावरचं व्याज कॅनडात करातून वजा होत नाही, अमेरिकेत अटींसह होतं. तिकडचा हिशेब डोक्यात ठेवून इकडे घर घेणारा इथे हमखास फसतो.

आता थोडं त्या प्रसिद्ध नम्रपणाबद्दल. तो खोटा नाही. ओंटारिओत तर २००९चा माफीचा कायदाच आहे: अपघातानंतर तुम्ही ‘सॉरी’ म्हणालात, तर दिवाणी दाव्यात ती चुकीची कबुली धरली जात नाही. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम निरनिराळे, आणि बऱ्याच ठिकाणी हे संरक्षण वैद्यकीय प्रसंगांपुरतं किंवा नुसत्या सहानुभूतीच्या शब्दांपुरतं आहे. ऑफिसात कॅनडियन साहेबाचा नकार इतका मऊ असतो की अमेरिकेत मुरलेल्या माणसाला तो होकार वाटतो. ‘यावर आणखी विचार करायला हवा’ असं मीटिंगमध्ये ऐकलं, तर काम पुढे रेटू नये. आधी एकट्याने भेटून विचारावं.

मुलांच्या मराठीतही पहिल्या दाराचा फरक दिसतो. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून दोन्ही देशांतल्या मंडळांना बांधून आहे. अमेरिकेत मराठी शाळा पालकच उभी करतात: रविवारी भाड्याची खोली, स्वयंसेवक शिक्षक, ठरवलेला अभ्यासक्रम. ओंटारिओत हा मार्ग आहेच, पण दुसराही आहे. २५ मुलांच्या पालकांनी लेखी मागणी केली, तर स्कूल बोर्डाला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाला) त्या भाषेचा वर्ग चालवावा लागतो, आठवड्याला जास्तीत जास्त अडीच तास. त्यासाठी एकाच शाळेतली २५ मुलं लागत नाहीत, त्या बोर्डाची पुरतात. तेव्हा मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमातच मागणीपत्रांवर सह्या घ्याव्यात, कारण त्या दिवशी सगळ्या गावांतले पालक एका छताखाली असतात.