आधी कोणते दार बंद होते?

गेल्या आठवड्यात सीडीएसचा, म्हणजे पदवीधरांना सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा, अर्ज भरताना एका रकान्यापाशी मी तासभर अडून बसलो होतो. नाव, जन्मतारीख, शिक्षण हे सगळे भरून झाले होते आणि आता पसंतीक्रम द्यायचा होता: डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी, केरळातली एळिमला येथील नौदल अकॅडमी, हैदराबादजवळच्या दुंडिगलची हवाई दल अकॅडमी आणि चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नौदल अकॅडमीला अभियांत्रिकीची पदवी लागते, त्यामुळे ते नाव माझ्यापुरते आपोआप गळले. उरलेल्या तीन नावांचा क्रम मात्र मी तीन वर्षे मनात लावत आणि मोडत आलो आहे. तो शेवटी कसा ठरला ते लिहून ठेवतो आहे, कारण एनसीसीतल्या ज्युनिअर मुलांचे प्रश्न जवळपास हेच असतात आणि परेड संपल्यावरच्या पाच मिनिटांत त्यांची नीट उत्तरे देता येत नाहीत.

सुरुवात बारावीत झाली. मी एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा उत्तीर्ण झालो आणि एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या चाचण्यांच्या, पहिल्याच दिवशी स्क्रीन आउट झालो, म्हणजे बाद झालो. त्या दिवशी आधी बुद्धिमापनाची चाचणी होते, मग एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते आणि नंतर ती गटापुढे सांगून सर्वांनी मिळून एक समाईक गोष्ट ठरवायची असते. मी गोष्ट बरी लिहिली होती, पण गटचर्चेत सगळे एकदम बोलू लागल्यावर मी एकदाच तोंड उघडले आणि तेही अर्धवट. दुपारी परतीच्या गाडीत मला पहिल्यांदा कळले की मी वर्षभर गणिते सोडवली होती, पण अनोळखी माणसांमध्ये उभे राहून आपले म्हणणे मांडण्याचा सराव एक दिवसही केला नव्हता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एनसीसीत नाव घातले ते या कारणासाठी. त्यातून सैन्यात जाण्याची आणखी एक वाट निघते, हे तेव्हा मला ठाऊकही नव्हते.

ती वाट म्हणजे एनसीसी स्पेशल एंट्री. तिला लेखी परीक्षा नाही. एनसीसीच्या सीनिअर डिव्हिजनमधली (कॉलेजच्या विभागातली) सेवा, एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला पन्नास टक्के गुण असले की अर्जांची छाननी होऊन थेट एसएसबीचे बोलावणे येऊ शकते. निवड झाली तर चेन्नईला प्रशिक्षण आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीचे अधिकारीपद. ऐकायला हे सोपे वाटते आणि तिसऱ्या वर्षाचे कितीतरी विद्यार्थी मला विचारतात की आता एनसीसीत येऊन ‘सी’ मिळेल का. याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. त्याआधीच्या ‘बी’ प्रमाणपत्राची परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी होते, ‘सी’ची तिसऱ्या वर्षाच्या, आणि त्यासाठी कॅम्प आणि परेडची पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. म्हणून या मार्गाचा निर्णय खरे तर पहिल्या वर्षीच्या एनरोलमेंटच्या दिवशी होतो, ज्या दिवशी बहुतेकांच्या मनात सैन्याचा विचारही नसतो. पहिल्या वर्षात असलेल्या कोणालाही मी आग्रहाने सांगेन की मन पक्के नसले तरी नाव घालून ठेवा. नंतर सैन्यात न जाण्याची मुभा तुम्हाला राहतेच, उशिरा एनसीसीत शिरण्याची मात्र राहत नाही.

सीडीएसचा हिशेब वेगळा आहे. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. चेन्नईसाठी इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे दोन पेपर आणि बाकी अकॅडम्यांसाठी त्यांच्या जोडीला प्राथमिक गणिताचा तिसरा. या एका पेपरमुळे चेन्नईला ‘सोपा पर्याय’ म्हणण्याची पद्धत पडली आहे आणि ती मला मनापासून खटकते. दोन्हीकडचा एसएसबी एकाच कसाचा असतो, खांद्यावर लेफ्टनंटचे तेच दोन तारे लागतात आणि तुकडीतला जवान आपल्या अधिकाऱ्याला तो कोणत्या अकॅडमीतून आला हे विचारून मग हुकूम पाळत नाही. मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईच्या कॉलेजातून पदवी घेऊन चेन्नईच्या याच संस्थेत गेले, १९७२ मध्ये महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले आणि २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. हे ज्याला माहीत आहे, त्याने चेन्नईला दुय्यम म्हणण्याआधी थांबायला हवे.

फरक आहे तो कमिशनच्या मुदतीत, आणि त्यामागे इतिहास आहे. १९६२ च्या युद्धानंतर अधिकाऱ्यांची तातडीने गरज पडली, तेव्हा १९६३ मध्ये चेन्नईची संस्था ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल या नावाने उभी राहिली. कमी वेळात तयार होणारा आणि ठरावीक वर्षे सेवा देणारा अधिकारी ही कल्पना तिथे रुजली. आजही डेहराडूनला पदवीधराचे प्रशिक्षण दीड वर्षाचे आणि चेन्नईला ४९ आठवड्यांचे असते. डेहराडूनहून मिळते ते पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची सेवा. शॉर्ट सर्व्हिसची पहिली मुदत दहा वर्षांची. त्यानंतर पर्मनंट कमिशन मागता येते, चार वर्षांची वाढ घेता येते किंवा बाहेर पडता येते. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी सर्वसाधारणपणे वीस वर्षांची सेवा लागते, त्यामुळे दहा किंवा चौदा वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन मिळत नाही.

माझ्या वडिलांचा प्रश्न नेमका इथे होता. ‘दहा वर्षांनी काय?’ असे त्यांनी विचारले आणि पहिल्या वेळी मला राग आला. देशसेवेच्या गोष्टीत पेन्शन कुठून आली, असे वाटले. पुढे मी कागद घेऊन बसलो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कमिशन मिळाले, तर दहा वर्षे पूर्ण होताना मी मेजर असेन, वय तेहेतिसाच्या आसपास असेल आणि बहुधा मागे संसार असेल. पर्मनंट कमिशन मागितले की मिळतेच असे नाही, त्यासाठी तोवरच्या कामाचे मूल्यमापन होते. त्या वयात पुन्हा नव्याने उभे राहणारे अधिकारी पुष्कळ असतात, आणि ज्याला दहा वर्षे सैन्यात घालवून मग दुसरे काही करायचे आहे त्याच्यासाठी शॉर्ट सर्व्हिससारखी उत्तम योजना नाही. पण मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारले, तेव्हा मला दुसरे काही करायचे नव्हते. वडिलांचा प्रश्न योग्य होता, आणि हे मी त्यांना फोन करून सांगितले.

‘पर्मनंट कमिशन’ या दोन शब्दांचे वजन मुलींच्या बाबतीत अधिकच जाणवते. सैन्याच्या बिगरवैद्यकीय शाखांत महिला अधिकारी १९९२ पासून येऊ लागल्या, पण बहुतेक शाखांत पर्मनंट कमिशनचा मार्ग त्यांच्यासाठी खुला व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा १७ फेब्रुवारी २०२० चा निकाल यावा लागला. ज्या गोष्टीसाठी त्यांना इतकी वर्षे झगडावे लागले, ती मी एका रकान्यात आकडा लिहून सहज मागू शकतो, याची मला जाणीव आहे.

हवाई दलाचा विचार मी सर्वांत आधी सोडला, जरी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असल्यामुळे पात्र होतो. वैमानिकाच्या निवडीत जी अभिक्षमता चाचणी असते ती आयुष्यात एकदाच देता येते, आणि त्यात अपयश आले की फ्लाइंग शाखेचा मार्ग कायमचा बंद होतो. ज्याला लहानपणापासून उडायचेच आहे त्याने ती संधी तयारीनिशी घ्यावी. मला पायदळ हवे आहे आणि ‘असू दे एक पर्याय’ म्हणून तो आकडा भरणे मला बरोबर वाटले नाही.

मग डेहराडून की चेन्नई, सीडीएस की एनसीसी एंट्री? हा प्रश्न मला सुटला तो वयोमर्यादांकडे पाहिल्यावर. डेहराडूनचे दार चोविसाव्या वर्षी बंद होते, चेन्नईचे आणि एनसीसी एंट्रीचे पंचविसाव्या. हे वय परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत, अभ्यासक्रम सुरू होण्याच्या वेळचे मोजतात, आणि एप्रिलच्या सीडीएसचा डेहराडूनचा कोर्स पुढल्या जानेवारीत सुरू होतो. आपल्या हातात आणखी एक प्रयत्न आहे असे समजणारी मुले इथे फसतात. माझे वय आज वीस आहे. म्हणजे डेहराडूनसाठी पाच-सहा प्रयत्न, आणि तेही पदवीचा निकाल वेळेवर हाती आला तर. जे दार आधी बंद होणार आहे ते आधी ठोठवावे आणि दुसरे उघडे राहू द्यावे, असा क्रम मग सरळ दिसू लागला.

तयारी मात्र दोन्हींसाठी एकच करायची आहे. महाराष्ट्रातल्या मुलांना हे आवर्जून सांगतो की नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना आणि ‘सी’ प्रमाणपत्रात चांगली श्रेणी मिळवलेल्यांना एसएसबीची तयारी निःशुल्क करून घेतात, राहण्या-जेवण्यासह. खासगी वर्गाला पैसे भरण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करावी.

अर्जात मी डेहराडूनपुढे एक आणि चेन्नईपुढे दोन लिहिले. फेब्रुवारीत ‘सी’ची परीक्षा आहे आणि तिचा निकाल लागला की एनसीसी एंट्रीचाही अर्ज करणार आहे. रविवारच्या परेडला या वर्षी प्लॅटूनची कमांड माझ्याकडे आहे. तीस मुलांसमोर उभे राहून हुकूम देताना सुरुवातीला आवाज फाटायचा, आता शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो.