आईबरोबर बाटल्यांच्या विहारात

माझी आई वीस वर्षं पुण्यात कचरा वेचत होती. 1993 साली इथल्या कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. आईचं ओळखपत्र अजून तिच्या ट्रंकेत आहे. त्या तिन्हींत काच तिला सगळ्यांत नकोशी. वजनाला जड, हात कापणारी आणि भाव अगदीच कमी. बियरची अख्खी बाटली नगावर जायची, फुटली की किलोवर. म्हणून पोतं भरताना ती बाटल्यांच्या मध्ये चिंध्या कोंबायची.

थायलंडमधल्या बाटल्यांच्या विहाराबद्दल वाचलं तेव्हाच ठरवलं, जायचं तर आईला घेऊन. 2024 च्या नोव्हेंबरात गेलो.

ठिकाणाचं नाव वाट पा महा चेदी केव. ‘वाट’ म्हणजे विहार, ‘पा’ म्हणजे रान, ‘चेदी’ म्हणजे आपला चैत्य आणि ‘केव’ म्हणजे काच. लोक त्याला ‘वाट लान खुआत’ म्हणतात, दशलक्ष बाटल्यांचा विहार. सिसाकेत प्रांतात खुन हान नावाचं गाव आहे, तिथे. 1984 पासून भिक्खूंनी बाटल्या गोळा करायला सुरुवात केली, आसपासच्या लोकांनी आणून दिल्या, आणि आज पंधरा लाखांच्या वर बाटल्यांत वीसेक इमारती उभ्या आहेत. हिरव्या बाटल्या हायनेकेन बियरच्या, तपकिरी चांग बियरच्या.

बँकॉकहून जाण्याचे दोन मार्ग. उबोन रात्चथानीला विमान जातं, तिथून गाडी करायची. आम्ही रात्रीची रेल्वे घेतली. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या आता क्रुंग थेप अफिवत या नव्या स्टेशनवरून सुटतात, हुआ लम्फोंगवरून नाही. टॅक्सीवाल्याला नाव नीट सांगा. सिसाकेत 515 किलोमीटरवर, उबोनच्या आधी, आणि गाडी पोहोचते पहाटे. खालचा बर्थ आधीच घेऊन ठेवा, वयस्कर माणूस बरोबर असेल तर नक्कीच. सिसाकेतपासून खुन हान साधारण 60 किलोमीटर दक्षिणेला. दिवसभराची गाडी ठरवा आणि परतीची वेळ ड्रायव्हरला कागदावर लिहून द्या. इंग्रजी इथे फारसं चालत नाही, विहाराचा फोटो दाखवला की लगेच कळतं.

आम्ही आठच्या सुमारास पोहोचलो. फाटकापासूनच भिंती बाटल्यांच्या. मुख्य मंदिर पाण्यात उभं आहे, हिरवं-तपकिरी, आणि त्याची सावली खाली हलत असते. बाटल्या आडव्या, बूड बाहेर, सिमेंटमध्ये ओळीने बसवलेल्या. लांबून नक्षी दिसते, जवळ गेलं की एकेक गोल बूड. आई भिंतीपाशी गेली आणि नखाने टिचक्या मारत राहिली. मग म्हणाली, “एकही टवका उडालेला नाय गं. कुणीतरी बसून निवडल्यात ह्या. आणि धुतल्यात.” माझ्या तर ते डोक्यातही आलं नव्हतं. लाखो बाटल्या कुणीतरी हातांनी धुतल्या, लेबलं खरवडून काढली. तिला पहिल्यांदा दिसले ते ते हात.

आत बुद्धमूर्तीच्या मागे आणि भिंतींवर जी चित्रं आहेत, ती बाटल्यांच्या बुचांची. त्यासाठी वेळ ठेवा. बहुतेक लोक बाहेर फोटो काढून निघतात, पण खरा प्रकार आतून आहे. सकाळचं ऊन जिथे काचेतून येतं, तिथे फरशीवर मधासारखा उजेड पडतो. काच वापरण्याची तिथली कारणंही साधी आहेत: रंग उडत नाही, उजेड आत येतो, पुसायला सोपी.

आम्ही बसलो होतो तेव्हा एक गावकरी कुटुंब भिक्खूंसमोर शील घेत होतं. उच्चार थाई, पण शब्द आम्ही म्हणतो त्याच पाली पंचशीलाचे. ‘वेरमणी’, म्हणजे ‘दूर राहणं’, ऐकू आलं तशी आई ताठ बसली. पाचव्या शीलाला, ‘सुरामेरय’ला, तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. दारूच्या बाटल्यांच्या घरात दारू सोडण्याचं वचन. आमच्या वस्तीत दारूने काय केलं ते तिने पाहिलंय. ती बराच वेळ उठली नाही, मीही उठवलं नाही.

प्रवेशाला पैसे नाहीत, दानपेटी आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. पाय मूर्तीकडे करून बसू नका. बायकांनी भिक्खूंच्या हातात थेट काही देऊ नये, समोर ठेवावं. त्यांचं जेवण दुपारी बाराच्या आत होतं, दान द्यायचं तर सकाळीच.

खाण्याचं मात्र सांभाळा. शाकाहाराला ‘जे’ असा शब्द आहे, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत दिसतो. तो सांगितला नाही तर भाजीतही माशाचं पाणी असतं. या भागातल्या पपईच्या कोशिंबिरीत तर आंबवलेला मासा. आम्ही चिकट भात आणि फळांवर दिवस काढला. खुन हानची माती ज्वालामुखीची, आणि तिथला ड्युरियन, एक काटेरी फळ, नावाजलेला. तो साधारण मे ते जुलैत येतो, आमचा हुकला.

निघण्याआधी दोन गोष्टी. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड मे 2025 पासून सक्तीचं आहे, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. आणि खुन हान कंबोडियाच्या सीमेला लागून आहे. जुलै 2025 मध्ये त्या सीमेवर तोफा चालल्या. तिकीट काढण्याआधी आपल्या दूतावासाची सूचना वाचा, सीमा तापलेली असेल तर जाऊ नका.

परत आल्यावर 25 डिसेंबरला आई नेहमीप्रमाणे देहूरोडला गेली. बाबासाहेबांनी 1954 साली तिथे बुद्धमूर्ती बसवली, तो दिवस ती चुकवत नाही. जुन्या कामाच्या बायका भेटल्या. मोबाइलवरचे फोटो हातोहात फिरले. एकीने विचारलं, “संडाससुद्धा बाटल्यांचा?”

“संडाससुद्धा,” आई म्हणाली. “आणि एक बाटली फुटकी नाय.”