यीस्टची भाऊबंदकी

फेब्रुवारीतली दुपार. तासगावहून आलेल्या द्राक्षांच्या घडाला मी तसाच हात घातला आणि आतून आवाज आला, "अहो, धुतलीत का ती?" नव्हती धुतली. द्राक्षावरची ती पांढरट लव नळाखाली घालवायला माझं मन होत नाही. लव बहुतेक मेणाचीच असते म्हणा. पण तिथे यीस्टही, म्हणजे एकाच पेशीच्या बुरश्या, नांदत असतात, आणि गुण्यागोविंदाने नांदतात असं मुळीच नाही.

काही यीस्ट विष सोडून शेजारच्याला मारतात, हे बेव्हन आणि मकोवर या संशोधकांनी १९६३ साली दाखवलं. गंमत अशी, की ब्रेडच्या यीस्टमध्ये हे विष बहुतेकदा त्याचं स्वतःचं नसतंच. पोटात एक विषाणू असतो, त्याची ती करणी. तो बाहेर पडून कुणाला लागत नाही, वारसाहक्काने पुढच्या पिढीत जातो. एक विष शेजाऱ्याच्या पेशीला भोकं पाडतं, दुसरं थेट केंद्रकात शिरून डीएनएची नक्कल थांबवतं. ज्याचं विष त्याला ते बाधत नाही. पण विषाणू हरवला की तेच यीस्ट सख्ख्या भावाच्या विषाने मरतं. बांधावरून तीन पिढ्या कोर्टात भांडणारी घरं आमच्या सांगलीकडे गावोगाव आहेत. त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

माणसाला छळणारे यीस्ट मला आधी भेटले असतील ते पायाच्या बोटांत. पावसाळाभर बूट ओले, मग चिखल्या. आजी पळीत तेल कोमट करून त्यात हळद कालवायची आणि एकेका बेचक्यात दाबून भरायची. आग व्हायची. चादर पिवळी झाली की आई आजीला नाही, मला बोलायची. सगळ्या चिखल्या कॅन्डिडा नावाच्या यीस्टच्या नसतात, पण ओली बेचकी त्यालाही आवडते.

या कॅन्डिडांपैकी ग्लॅब्राटा हा ब्रेडच्या यीस्टचा जवळचा नातलग. प्रयोगशाळेत तो या विषांनी मरतो. मग औषध का नाही? तर या विषाला आंबट आणि गार लागतं. आपल्या अंगाच्या ३७ अंशांत ते ढेपाळतं.

२००९ साली जपानमध्ये एका बाईच्या कानात कॅन्डिडा ऑरिस सापडला. त्याचे काही वाण बहुतेक औषधांना दाद देत नाहीत. आमच्या काकांच्या वेळी आयसीयूबाहेर डॉक्टर म्हणाले, "रक्तात फंगस आहे." चुलतभावाने विचारलं, "औषधं असतील ना बरीच?"

"मुख्य गट तीनच," ते म्हणाले.