सुरुवात कुठून करायची? (तुम्ही विचारलंत म्हणून)

थेरपी सेंटरच्या बाकावर, व्हॉट्सॲपवर, एकदा तर रिक्षात एक पाय आत टाकलेला असताना सुद्धा मला हेच विचारलंय, की घर व्हीलचेअरसाठी नीट करून घ्यायचंय तर सुरुवात कुठून करू, रॅम्प आधी ना? दर वेळी उत्तर अर्धंच राहतं कारण लेकीचा नंबर लागतो. म्हणून आज बसून लिहिते. बाथरूमपासून. रॅम्प नंतर.

आम्ही उलटं केलं म्हणून सांगतेय. डोंबिवलीतली जुनी तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. लेक तेव्हा ५ वर्षांची, १३ किलोची. सेरेब्रल पाल्सी आहे, हातपाय चारही कडक, बसवायला पण आधार लागतो, पण कळतं सगळं, जरा जास्तच कळतं. कडेवर घेतली की झालं, जिना वगैरे काही वाटायचं नाही. ती ७ वर्षांची असताना त्याच बिल्डिंगमधला तळमजल्याचा फ्लॅट मिळाला, सासूबाई म्हणत होत्या अगं २००५ च्या २६ जुलैला तिथे गुडघाभर पाणी होतं, तरी घेतला. आणि पहिलं काम काढलं ते रॅम्पचं. बाहेर तीन पायऱ्या, ६-६ इंचांच्या, म्हणजे १८ इंच चढ, आणि हिशोब असा की १ इंच चढाला १२ इंच लांबी, म्हणजे रॅम्प झाला १८ फुटांचा. १८ फूट म्हणजे एका गाडीचं अख्खं पार्किंग. त्यावरून सोसायटीची जी मीटिंग झाली ती न सांगितलेली बरी, मी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे प्रिंटआउट काढून नेले होते, ते कुणी हातात पण घेतले नाहीत. शेवटी ९ फुटांवर मांडवली झाली. तिचा बाबा ढकलतो तेव्हा खुर्ची चढते, मी ढकलते तेव्हा अर्ध्यात चाक मागे यायला लागतं आणि मग वॉचमनकाकांना हाक.

पण बाहेर आपण जातो दिवसातून एकदा. बाथरूमला किती वेळा, मोजा. आणि त्या प्रत्येक वेळी उचलणं आहे, खुर्चीतून स्टुलावर, स्टुलावरून कमोडवर, परत खुर्चीत, आणि हे सगळं ओल्या फरशीवर. २० किलोपर्यंत मी काढलं. ती २६ किलोची झाली आणि माझी कंबर गेली, एल-फोर एल-फाइव्ह म्हणजे कमरेचे खालचे मणके, तीन आठवडे आडवी. त्या तीन आठवड्यात अंघोळ बाबाने घातली, आणि तेव्हाच ती गोष्ट झाली जिच्यामुळे बाथरूमची भिंत फुटली. लेक ११ वर्षांची झाली होती. बाबा टॉवेल घेऊन आला की ती मान भिंतीकडे फिरवायची, आम्हाला वाटायचं पाणी गरम असेल, साबण डोळ्यात गेला असेल. चौथ्या दिवशी तिने जोर लावून, तिला एकेक शब्द काढायला किती वेळ लागतो तुम्हाला माहितीये, म्हटलं, बा जा. तो बाहेर येऊन गॅलरीत उभा राहिला. बराच वेळ.

तर तुम्ही डिझाइन विचाराल तर आमचं एवढंच होतं, की बाबाला आत यावं लागू नये. एकटीला, कंबर गेलेल्या बाईला, जमलं पाहिजे.

आमच्याकडे संडास ३ बाय ५ आणि बाथरूम साडेचार बाय ५, शेजारी शेजारी, मध्ये साडेचार इंची भिंत. इंजिनियरला दाखवून (हे कराच, मिस्त्री म्हणतो काही होत नाही ताई, त्याचं ऐकू नका) ती पाडली, साधारण ८ बाय ५ मिळालं. खुर्ची गोल फिरायला ५ फूट लागतात, कमोड कोपऱ्यात सरकवल्यावर ते कसेबसे बसले. दोन दारांपैकी एक बुजवलं, दुसरं २७ इंचांचं होतं ते ३६ केलं आणि बाहेरच्या बाजूने सरकतं लावलं. तेव्हाची तिची खुर्ची २१ इंचांची, २७ च्या दारातून जात होती, मग कशाला फोडायचं असं सगळे म्हणाले. पण खुर्ची दर दोन-तीन वर्षांनी बदलते हो, मोठ्या माणसाची २५-२६ ची असते आणि वर तुमची बोटं. आजच्या खुर्चीचं माप घेऊन दार करू नका.

उंबरठा काढायला प्लंबर तयारच नव्हता, पाणी हॉलमध्ये येणार म्हणून. मग उतार आतल्या बाजूला दिला आणि दाराच्या रेषेत या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब जाळी टाकली. पाणी येत नाही. म्हणजे सासूबाई बादली उपडी करतात तेव्हा येतं.

ग्रॅब बार, म्हणजे भिंतीवरचे धरायचे दांडे, सगळे आधी लावतात, फोटोत छान दिसतात. ज्या मुलाला धरून उभं राहता येतं त्याला हवेतच, आमच्या लेकीला काही उपयोग नाही, आमच्याकडे त्यावर टॉवेल वाळतो. आम्हाला लागली ती चाकांची शॉवर चेअर, मधे भोक असलेली, तीच अंघोळीला आणि तीच ढकलत कमोडवर. आमची आली तेव्हा कमोडवर जाईचना, अर्ध्या इंचासाठी अडली. नवरा परत पाठवायला निघाला होता, मिस्त्रीकाकांनी पान्याने कमोडचं सीट कव्हर काढून बाजूला ठेवलं आणि खुर्ची सुळकन आत. घेताना कमोडची उंची आणि खुर्चीखालची मोकळी जागा, दोन्ही टेपने मोजा.

आता उचलणं पेशंट लिफ्टने, सेकंड हँड मिळाली, झोळीत बसवायचं आणि हँडल मारायचं. या लिफ्टचे पाय पलंगाखाली जावे लागतात, ४-५ इंच तरी मोकळे हवेत, आणि आपल्या सगळ्यांकडे काय, तर खाली गाद्या-गोधड्या भरलेला बॉक्स बेड! लग्नातला सागवानी पलंग विकावा लागला, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. गोधड्या अजून टेबलावर आहेत.

पैशाचं विचारता, तर निरामय या आपल्या मुलांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत दवाखाना-थेरपीचे मिळतात, भिंत फोडायचे कोणी देत नाही. आम्ही एकदम केलं नाही, आधी दार आणि उंबरठा, मग आठ महिन्यांनी भिंत, पेशंट लिफ्ट त्यानंतर. किचन, स्विच, बेसिन वगैरेला अजून हात लावला नाही, लेकीने मागितलं की लावू. तिने सध्या फक्त आरसा खाली करून मागितलाय.

लेक आता १३ ची, ३३ किलो. बघायला यायचं असेल तर जरूर या, टेप घेऊन या, फक्त सकाळी ८ ते ९ नको, तेव्हा बाथरूम तिचं असतं आणि दार ती लावून घ्यायला सांगते.