तीन पंचमांश माणूस? हिशोब उलटाच होता

अमेरिकेच्या घटनेचा विषय निघाला की "गुलामांना तीन पंचमांश माणूस मानलं" हे वाक्य हमखास येतं, आणि मीही कित्येक वर्षं तेच म्हणायचो, जणू पूर्ण मोजलं असतं तर न्याय झाला असता. पण १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहायला बसले तेव्हा गुलामांना पूर्ण मोजा असा हट्ट साउथ कॅरोलिनाच्या मंडळींचा होता, म्हणजे गुलाम राखणाऱ्यांचाच! डोकी जास्त तितक्या हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, सीट्स जास्त, आणि मत द्यायला गुलाम नाही, मालक जाणार. उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरीने विचारलंच, तुमच्याकडे ही माणसं मालमत्ता ना, मग आमच्या गाईघोड्यांपेक्षा यांना जास्त का मोजायचं? भाषा अंगावर येते, पण ढोंग त्याने बरोब्बर पकडलं होतं. शेवटी तडजोड झाली, पाच गुलाम म्हणजे तीन डोकी.

१७९० च्या जनगणनेचे आकडे मी वहीवर मांडून बघितले. व्हर्जिनियात स्वतंत्र माणसं साधारण ४ लाख ५५ हजार, पेनसिल्व्हेनियात ४ लाख ३० हजार, म्हणजे जवळपास सारखंच. पण व्हर्जिनियात वर २,९२,६२७ गुलाम, त्यांचे तीन पंचमांश धरले की पावणेदोन लाख वाढले, ३३ हजारांमागे एक सीट, आणि व्हर्जिनियाला मिळाल्या १९, पेनसिल्व्हेनियाला १३. सहा सीट्सचा फरक. या सहा जागा ज्यांच्या जिवावर आल्या त्यांची नावंसुद्धा त्या जनगणनेत नाहीत, कुटुंबप्रमुखाचं नाव, पुढे रकाने, आणि गुलामांच्या रकान्यात नुसता आकडा. घटनेत तर "गुलाम" हा शब्दही टाळलाय, "इतर सर्व व्यक्ती" म्हटलंय. मला हे सगळ्यात जास्त लागतं, लाज वाटत होती म्हणून शब्द टाळला पण सीट्स घेतल्या.

राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टर्सची संख्याही याच सीट्सवरून ठरते, त्यामुळे १८०० च्या निवडणुकीत व्हर्जिनियाचा थॉमस जेफरसन ७३ विरुद्ध ६५ असा जॉन अ‍ॅडम्सच्या पुढे गेला त्यात या मोजणीचा वाटा मोठा होता. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचा, असे चौघे झाले आणि चौघेही गुलामांचे मालक.

१८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने माणूस पूर्ण मोजला जायला लागला. पण नंतर दक्षिणेत काळ्यांचं मतदान कर लावून, परीक्षा घेऊन, मारहाण करून बंद पाडलं, म्हणजे १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत पाच पंचमांशांच्या सीट्स पुन्हा त्याच लोकांच्या हातात.